‘सुरक्षित’ हा एक शब्द: सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचे आग-जोखीम मूल्यांकन आणि मूल्यांककाचा विमा

18 मे 2025 रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये कारखान्याचे मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार होते, आणि ही माणसे कारखान्याच्या आवारातच राहत होती. पुढच्या काही आठवड्यांत शहराच्या पूर्व भागातल्या कारखानदारांकडून मला जितके फोन आले, तितके त्याआधीच्या दोन वर्षांत मिळूनही आले नव्हते. बहुतेकांची मागणी एका वाक्याची होती: ‘फायरचा दाखला’ पाहिजे. त्यांपैकी एका कारखान्याच्या प्रकरणाची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत; कामाचा क्रम आणि कागदावरचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात बहुतेक सगळा प्रश्न शब्दांचाच होता.

मी एका सूतगिरणीत 16 वर्षे सुरक्षा अधिकारी होतो. ती नोकरी सुटल्यावर गेली तीन वर्षे मी स्वतंत्रपणे आग-जोखीम मूल्यांकनाचे काम करत होतो. म्हणजे एखाद्या वास्तूत आग कशी लागू शकेल, लागली तर कशी पसरेल, आतली माणसे बाहेर कशी पडतील आणि यांतले काय बदलता येईल, हे पाहून लेखी मत देत होतो. नोकरीत असताना माझ्या हातून चूक झाली असती, तर भरपाईचा दावा आधी गिरणीवर आला असता. स्वतंत्र झाल्यावर तो थेट माझ्या घरावर येणार होता. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन वर्षे लागली, आणि तीही मला स्वतःहून सुचली नाही.

मागणी

कारखाना टेरी टॉवेलचा, निर्यातीचा माल करणारा. 24 यंत्रमाग, शिलाई आणि पॅकिंगचा एक भाग, मागच्या बाजूला तयार मालाचे गोदाम. परदेशी खरेदीदाराने पुढच्या ऑर्डरपूर्वी दोन गोष्टी मागितल्या होत्या: स्वतंत्र मूल्यांककाचा आग-जोखीम अहवाल आणि त्या मूल्यांककाकडे किमान 50 लाख रुपयांचा व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल आलेला भरपाईचा दावा भरून देणारा विमा, असल्याचा पुरावा. पहिली अट मालकांना समजली होती. दुसरी त्यांनी मला जाता जाता सांगितली: “बाकी कागद आमच्याकडं हायत की ओ साहेब, तुमचा इन्शुरन्स तेवढा पाठवून द्या.” मी पाठवतो म्हणालो. माझ्याकडे तो नव्हता.

त्या दिवशी मी दोन चुका केल्या. एक, नसलेल्या विम्याचा होकार दिला. दोन, विम्याचे काम होईल तेव्हा होईल असे धरून दुसऱ्याच दिवशी पाहणीला गेलो.

पहिली भेट

दुपारी अकरा ते दोन. माग चालू होते. शेडवर पत्रा, खाली लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), आणि त्या कैच्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर, पंख्यांच्या पात्यांवर रुव्याचा, म्हणजे सुतातून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा, बोटभर थर. टेरी टॉवेलच्या मागावर सुताची जितकी घासाघीस होते तितका रुवा उडतो, आणि तो बसतो नेमका उंचावर, जिथे झाडू पोचत नाही. वरच्या पट्टीत एखादी ठिणगी पडली, तर आग जमिनीवरून चालत येण्याची वाट पाहत नाही. रुव्याच्या थरावरून ती शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोक्यावरून धावते. मुख्य विद्युत पॅनेलचे झाकण उघडे होते. कारण विचारल्यावर जॉबर (मागांवर देखरेख करणारा) म्हणाला की उन्हाळ्यात आत गरम होते म्हणून उघडे ठेवतात. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जाणाऱ्या गावात हे उत्तर खोटे नव्हते. पण गरम होणाऱ्या पॅनेलवर भार किती आहे हे तपासायचे सोडून त्याचे झाकण काढणे म्हणजे रुव्याला आत येण्याचे आमंत्रण देणे.

सहा एबीसी पावडरची अग्निशमन नळकांडी भिंतींवर टांगलेली होती, सर्वांवर तपासणीच्या चालू तारखांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांपैकी दोन पॅकिंगच्या खोक्यांमागे पूर्ण झाकलेली होती. नळकांड्यांची निवड, जागा आणि देखभाल यांसाठी भारतीय मानक 2190 आहे, आणि कारखान्याची फाईल त्या मानकाला धरून होती. खोक्यांमागची जागा फाईलमध्ये दिसत नाही एवढेच. शिवाय पावडरने वरची ज्वाळा विझते, पण टॉवेलच्या दाबलेल्या गाठीच्या पोटातला निखारा विझत नाही. त्याला भिजवणारे पाणी लागते, आणि भिजवल्यावरही गाठी उघड्या मैदानात फोडून पाहाव्या लागतात.

गोदामाच्या वर लोखंडी गर्डरवर टाकलेला एक मजला होता. तिथे दोन खोल्या. मालकांनी सांगितले, तिथे जुने बीम (मागाचे सूत गुंडाळायचे रूळ) आणि भंगार ठेवतात, कुणी राहत नाही. खोल्यांना कुलूप होते, चावी मुनिमाकडे होती आणि मुनीम बाहेर गेला होता. मी खालून पाहिले, वहीत ‘वरचा मजला: साठवण, मालकांच्या सांगण्यानुसार’ असे लिहिले आणि निघालो.

अर्जातील एक ओळ

विमा प्रतिनिधी ओळखीचा होता. त्याने अर्ज अर्ध्या तासात भरत आणला. ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यात त्याने ‘अभियांत्रिकी सल्लागार’ असे लिहिले, कारण त्या गटाचा हप्ता कमी बसत होता. मी तो रकाना खोडायला लावला. इथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण नव्याने या कामात येणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

आगीच्या संदर्भात सोलापुरात किमान चार निरनिराळी माणसे कागदांवर सह्या करतात, आणि कारखानदाराच्या लेखी ती चारही ‘फायरवाले’ असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणारे आणि तिच्या देखभालीचा दाखला देणारे परवानाधारक अभिकरण (एजन्सी) वेगळे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचा फॉर्म बी, म्हणजे हाच देखभालीचा दाखला, त्यानेच द्यायचा असतो. महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला वेगळा. आग लागून गेल्यावर नुकसान मोजायला येणारा, विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असलेला सर्वेक्षक वेगळा. आणि आग लागण्यापूर्वी जोखमीबद्दल मत देणारा मूल्यांकक वेगळा. माझ्याकडे अभिकरणाचा परवाना नाही. त्यामुळे मी जे देतो तो दाखला नव्हे, मत आहे. अर्जात मी ‘अभियांत्रिकी सल्लागार’ राहिलो असतो, तर दावा आल्यावर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता की, तुम्ही सांगितलेल्या व्यवसायात आग-जोखीम मूल्यांकन कुठे बसते? विमा करार परम सद्भावावर उभा असतो. कंपनीच्या निर्णयावर परिणाम करणारी बाब लपवली किंवा चुकीची सांगितली, तर हप्ता भरलेला असूनही दावा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून त्या रकान्यात मी लिहिले: ‘औद्योगिक व व्यापारी इमारतींची दृश्य पाहणी करून आग-जोखमीबद्दल लेखी मत व शिफारशी देणे, यंत्रणा बसवणे, तिची देखभाल करणे किंवा वैधानिक दाखले देणे यांचा समावेश नाही.’ हप्ता वाढला. तो या एका कामाच्या शुल्काच्या निम्म्याहून थोडा अधिक होता, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर. प्रतिनिधी माझ्यावर थोडा नाराज झाला.

कंपनीकडून आलेल्या प्रस्तावात चार गोष्टी मला समजून घ्याव्या लागल्या. पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची होती. म्हणजे चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे पाहिले जाते, आणि दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. सोबत एक पूर्वलक्षी तारीख होती, आणि त्या तारखेआधी केलेल्या कामातल्या चुकीला संरक्षण नव्हते. पहिल्यांदाच विमा घेत असल्याने माझी पूर्वलक्षी तारीख आणि पॉलिसी सुरू होण्याची तारीख एकच ठेवली होती. 50 लाखांची मर्यादा एका घटनेलाही तेवढीच आणि संपूर्ण वर्षालाही तेवढीच होती, आणि बचावाचा वकिली खर्च त्याच मर्यादेतून वजा होणार होता. प्रत्येक दाव्यात पहिली काही रक्कम मी स्वतः सोसायची होती.

मागची तीन वर्षे त्यामुळे उघडीच राहिली. त्या तीन वर्षांत मी दिलेल्या अहवालांपैकी एक मनात खुपत होता. होटगी रस्त्याच्या बाजूला एका गोदामाची मी पाहणी केली होती. पुढे तिथे छोटी आग लागली, जीवितहानी झाली नाही, पण मालकाने मला मोबाईलवर संदेश पाठवला होता की तुमच्या रिपोर्टात वायरिंगबद्दल काहीच नव्हते. अर्जात एक प्रश्न होता: ज्यातून दावा उद्भवू शकेल अशी एखादी परिस्थिती आपणास ज्ञात आहे काय? प्रतिनिधीचे म्हणणे, नोटीस आलेली नाही, तेव्हा ‘नाही’ लिहा. मी ‘होय’ लिहिले आणि संदेशाची प्रत जोडली. कंपनीने ते गोदाम नावानिशी वगळले. पूर्वलक्षी तारखेमुळे ते तसेही बाहेरच होते, म्हणून माझे काही गेले नाही. मात्र ‘नाही’ लिहिले असते, तर ते एक खोटे उत्तर पुढे प्रत्येक दाव्याच्या वेळी माझ्यावर उगारता आले असते.

दुसरी भेट

पॉलिसी हातात आली तेव्हा माझ्या लक्षात आले की कारखान्याची पाहणी मी पॉलिसीच्या नऊ दिवस आधी केली होती. अहवाल नंतरच्या तारखेचा असणार होता, पण पाहण्यातच काही राहून गेले असेल, तर चूक कोणत्या दिवशी झाली? पाहणीच्या की अहवालाच्या? प्रतिनिधीला विचारले तर तो म्हणाला की, अहवालावर जी तारीख घालाल ती. एवढ्या सैल उत्तरावर 50 लाखांचा भरवसा ठेवायला मी तयार नव्हतो, आणि पाहणीची तारीख बदलून लिहिणे हा तर सरळ खोटेपणा होता. उरला एकच मार्ग: सगळी पाहणी पुन्हा करायची.

मालकांना ते पटले नाही. दिवसा ऑर्डरची घाई आहे, पुन्हा तीन तास कुणी मोकळे नाही, असे ते म्हणाले. मी रात्री येतो म्हटले. खरे तर मला फक्त काम उरकायचे होते.

रात्री पावणेअकराला पोचलो, तेव्हा पुढचे शटर ओढलेले होते आणि कुलूप बाहेरून होते. रखवालदाराने ते उघडले. शेडमध्ये अंधार, माग बंद. गोदामावरच्या दोन खोल्यांत मात्र दिवा होता. वर गेलो तर एका खोलीत स्टोव्ह, भांडी, दोरीवर लहान मुलाचे कपडे; एक मागवाला, त्याची बायको, दोन मुले. दुसऱ्या खोलीत तीन तरुण कामगार, त्यांपैकी एक झोपलेला. खाली यायला एकच लोखंडी जिना, तो गोदामाच्या आत उतरणारा. खिडक्यांना गज. शटरची किल्ली रखवालदाराच्या खिशात, आणि रखवालदार रात्री एकच्या सुमाराला चहाला चौकात जातो, हे त्याने स्वतःच सांगितले.

हे मी वहीत लिहिले तेव्हाची माझी मनःस्थिती इथे सांगण्यात अर्थ नाही. तांत्रिक भाग सांगतो. गोदामात आग लागली तर धूर आधी त्या जिन्यातून वर जाणार, कारण वर जायला त्याला दुसरी वाटच नाही; जिना म्हणजे त्या खोल्यांचे धुराडे. लोखंड सुमारे 550 अंश सेल्सियसला आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते, आणि टॉवेलच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या गोदामात ते तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. त्या खोल्यांची जमीन उघड्या गर्डरवर उभी होती. जिना शाबूत राहिला आणि माणसे धुरातून खाली उतरली, तरी पुढे बाहेरून कुलूप. यांतली एकही गोष्ट दुपारच्या भेटीत मला दिसली नव्हती, आणि विम्याच्या तारखेचा घोळ झाला नसता तर मी दुसऱ्यांदा गेलोच नसतो.

अहवालातील एक शब्द

अहवाल 14 पानांचा झाला. पहिल्या पानावर मी पाहणीच्या दोन्ही तारखा आणि वेळा लिहिल्या, काय पाहिले आणि काय पाहिले नाही ते लिहिले (भिंतीआडचे वायरिंग, जमिनीखालची पाण्याची टाकी आतून), आणि पहिल्या भेटीत वरच्या मजल्याबद्दल मला काय सांगण्यात आले होते व दुसऱ्या भेटीत काय दिसले, हे दोन वाक्यांत लिहिले. तातडीच्या शिफारशी तीनच होत्या: त्या खोल्यांतली वस्ती त्याच आठवड्यात हलवावी, रात्री कुणीही आत असताना शटरला बाहेरून कुलूप लावू नये, गोदामाच्या मागच्या भिंतीत आतून ढकलून उघडणारे दार काढावे. बाकी रुव्याची साफसफाई, पॅनेल, खोक्यांमागची नळकांडी यांना मुदती दिल्या.

मालक माझ्या खोलीवर आले. त्यांच्या दोन मागण्या होत्या. वरच्या खोल्यांचा उल्लेख काढावा, कारण खरेदीदार ते पान वाचून ऑर्डर रद्द करेल. आणि शेवटी एक ओळ घालावी: ‘वरील शिफारशी पूर्ण झाल्यावर ही इमारत आगीपासून सुरक्षित राहील.’

पहिल्या मागणीचे उत्तर सोपे होते, जरी देताना जड गेले. विमा चुकीला संरक्षण देतो, जाणूनबुजून केलेल्या लबाडीला नाही. पाहिलेली माणसे कागदावरून पुसली, तर तो हलगर्जीपणाही उरत नाही. तिथे काही झाले असते, तर हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खालील प्रश्न मालकांबरोबर मलाही विचारला गेला असता, आणि फौजदारी शिक्षा किंवा दंड कोणतीही पॉलिसी भरून देत नाही.

दुसरी मागणी वरवर निरुपद्रवी होती, आणि मला ती अधिक धोक्याची वाटते. माझ्या पॉलिसीच्या अपवादांमध्ये एक कलम असे होते की, विमाधारकाने करार करून किंवा हमी देऊन स्वतःवर ओढवून घेतलेले, एरवी कायद्याने न येणारे दायित्व यात नाही. ‘सुरक्षित राहील’ ही हमी आहे. माझे काम वाजवी कौशल्याने पाहून मत देण्याचे. आग लागणारच नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. 2006 च्या अधिनियमाने उपाययोजना पुरवण्याची आणि त्या चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे, आणि त्या एका ओळीने मी ती स्वखुशीने, विम्याबाहेर, माझ्या अंगावर घेतली असती. मी त्या जागी लिहिले: ‘पाहणीच्या दिवशी दिसलेल्या स्थितीवर हे मत आधारित आहे, शिफारशी अमलात आल्यास नमूद केलेल्या जोखमी कमी होतील.’ मालकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि “ह्यात काय हाय ओ?” असे विचारले. त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न रास्त होता. 14 पानांचे पैसे मोजून माणसाला शेवटी ‘कमी होतील’ एवढेच मिळत असेल, तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटणारच.

त्यानंतर

ऑर्डर रद्द झाली नाही. खरेदीदाराने तातडीच्या शिफारशींची पूर्तता छायाचित्रांसह मागितली. कुटुंब आठ दिवसांत भाड्याच्या खोलीत हलले. भाड्याचा निम्मा भार मालकांनी उचलल्याचे मला त्या मागवाल्याकडून कळले. शटरला आतून उघडणारी कडी बसली. मागचे दार दिवाळीपर्यंत झाले नव्हते, कारण भिंतीपलीकडची जागा शेजारच्या कारखान्याची होती आणि तो वाद जुना होता. माझ्या शुल्काचा दुसरा हप्ता चार महिने अडकला, नंतर थोडा कापून मिळाला.

होटगी रस्त्याकडच्या गोदामाचे जुने प्रकरण मात्र अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेने आले. नोटीस त्या मालकाची नव्हतीच. त्याला त्याच्या विमा कंपनीने भरपाई दिली होती, आणि भरपाई देणारी कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहून नुकसानीस कारणीभूत ठरलेल्याकडून वसुली करू शकते. व्यवसायात याला सबरोगेशन म्हणतात. कारखानदाराशी आपले संबंध चांगले आहेत, तो आपल्यावर दावा करणार नाही, या भरवशावर राहणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी ही वाट ध्यानात घ्यावी. उत्तर मी स्वखर्चाने वकिलामार्फत दिले. त्या जुन्या अहवालात ‘वायरिंगची तपासणी कामाच्या व्याप्तीत नाही’ असे एक वाक्य होते, तेही मी त्या काळात सगळीकडे चिकटवत असलेल्या तयार मजकुरातून आलेले. त्याच्या आधारावर प्रकरण सध्या पत्रव्यवहारापाशी थांबले आहे.

इतर जुन्या ग्राहकांना मी पत्रे पाठवली की, नव्याने पाहणी करून नवा अहवाल निम्म्या शुल्कात देईन. तिघांनी होकार दिला. नव्या पाहणीने जुना अहवाल विम्यात येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे पुढे घेतले जाणारे निर्णय निदान नव्या, संरक्षित कागदावर उभे राहतात. पॉलिसीचे नूतनीकरण मुदतीच्या वीस दिवस आधी केले. खंड पडला तर पूर्वलक्षी तारीख पुढे सरकते आणि मधली सगळी कामे पुन्हा उघडी पडतात. काम बंद करायचे ठरवले, तरी काही वर्षे दाव्यांपुरते संरक्षण वाढवून घ्यावे लागेल, हे तेव्हा विचारून ठेवले.

नूतनीकरणाच्या अर्जात तोच प्रश्न पुन्हा होता: दावा उद्भवू शकेल अशी एखादी परिस्थिती आपणास ज्ञात आहे काय? त्याच आठवड्यात मी त्या टॉवेल कारखान्यावरून जात असताना वरच्या खोलीच्या खिडकीत पुन्हा दिवा पाहिला होता. मी रकान्यात ‘होय’ लिहिले, पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहिली, आणि मालकांना त्याच दिवशी पाठवलेल्या नोंदणीकृत पत्राची प्रत जोडली.